भाऊंनी घराचा प्रश्न सभागृहात मांडला, पुढे काय? नागपूरच्या बस्त्यांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की समाज भवनात माझ्याभोवती गर्दी वाढते. एरवी पट्ट्याचा (राहत्या जागेच्या हक्काच्या कागदाचा) अर्ज, घरकुलाचा फॉर्म, आधारवरच्या नावाची दुरुस्ती अशी कामं घेऊन येणारी माणसं त्या दिवसांत मोबाइलवरचा फोटो पुढे करतात. फोटोत भाऊ, म्हणजे आपले आमदार किंवा खासदार, सभागृहात उभे असतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'झोपडपट्टीवासीयांच्या प्रश्नावर आक्रमक'. मग विचारणा होते, "ताई, आता होईल ना आपलं काम?" याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं जाणारं सगळं इथे एकत्र लिहिते आहे. माझा आग्रह एकच आहे. भाऊंनी किती प्रश्न विचारले हे मोजत बसू नका. त्या प्रश्नाला लेखी उत्तर काय आलं, तो कागद मागा.

घराचा प्रश्न खासदाराकडे न्यायचा की आमदाराकडे?

अडचण पैशाची असेल तर खासदाराकडे, जमिनीची असेल तर आमदाराकडे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जमीन हा विषय राज्यांकडे आहे. लोकसभेत घरांबद्दल काहीही विचारलं, तरी केंद्राचं उत्तर बहुतेक वेळा याच वाक्याने सुरू होतं की जमीन आणि वसाहत हे राज्यांचे विषय आहेत, केंद्र फक्त त्यांना मदत करतं. ही मदत म्हणजे प्रामुख्याने प्रधानमंत्री आवास योजना. शहरांसाठी ती २५ जून २०१५ रोजी सुरू झाली आणि तिचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये मिळतात. केंद्राचा हप्ता रखडला असेल तर खासदाराने संसदेत विचारायलाच हवं.

पण आपली गाडी अडते ती 'स्वतःच्या जागेवर' या शब्दांशी. पट्टा नाही म्हणजे जागा स्वतःची नाही, आणि जागा नाही म्हणजे अनुदान नाही. पट्टा देणं राज्याच्या हातात आहे, म्हणून ते काम आमदाराचं. याला एक अपवाद आहे. रुळालगतच्या ज्या बस्त्या रेल्वेच्या जमिनीवर आहेत, त्यांच्यासाठी आमदार फार काही करू शकत नाही, तो विषय दिल्लीतच मांडावा लागतो.

नाली, नळ, गल्लीतला दिवा ही कामं नगरसेवकाची. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकाचाच कारभार राहिला. त्यामुळे तुंबलेल्या नालीसाठीही लोक आमदाराच्या दारात जाऊ लागले. तेही साहजिकच होतं, पण त्या गर्दीत पट्ट्याचा विषय मागे पडला, ही माझी खंत आहे.

अर्ज घेऊन आलं की तुम्ही आधी 'जमीन कोणाची?' असं का विचारता?

कारण सभागृहात त्या प्रश्नाचं उत्तर कोणत्या मंत्र्याने द्यायचं, ते त्यावरच ठरतं. आपल्या शहरात एकाच बस्तीच्या दोन गल्ल्या दोन वेगळ्या मालकांच्या जागेवर असू शकतात. नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी जमीन असेल तर महसूल खातं. सुधार प्रन्यासची, म्हणजे एनआयटीची किंवा महापालिकेची असेल तर नगरविकास. झोपडपट्टी घोषित करणं आणि तिचं पुनर्वसन हा भाग १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यात येतो, तो गृहनिर्माण खात्याकडे. झुडपी जंगलाची नोंद असेल तर वन खातं मध्ये येतं. खासगी मालकाची असेल तर आधी मोबदल्याचा प्रश्न. प्रश्न चुकीच्या खात्याला गेला की तो एकतर दुसरीकडे वर्ग होतो, नाहीतर 'या विभागाशी संबंधित नाही' असं छापून परत येतो. तोवर अधिवेशन संपलेलं असतं.

आमच्या बस्तीतल्या एका आजींकडे १९८६ सालची घरटॅक्सची पावती आहे. त्यांनी ती लॅमिनेशन करून, देवाच्या फोटोमागे खिळ्याला अडकवून ठेवली आहे. शाई इतकी उडालेली आहे की आकडा वाचायला कागद उजेडाकडे तिरपा धरावा लागतो. त्या पावतीच्या भरवशावर आजी एका कार्यालयातून दुसऱ्यात आणि तिथून पुन्हा पहिल्यात, अशा तीन फेऱ्या करून आल्या. प्रत्येक टेबलावर त्यांना "ही जागा आमची नाही" एवढंच ऐकायला मिळालं, आणि ती कोणाची आहे हे एकानेही सांगितलं नाही. घरटॅक्सच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही. पण त्या साली त्या जागेवर त्यांची वस्ती होती याचा तो भक्कम पुरावा आहे, आणि पट्ट्यासाठी तोच लागतो. म्हणून आधी नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, शहराच्या कडेला असाल तर सातबारा काढा, त्यावरचं मालकाचं नाव वाचा आणि मगच भाऊंकडे जा.

नागपूरचे खासदार लोकसभेत घरांवर प्रश्न विचारताना का दिसत नाहीत?

कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. नितीन गडकरी २०१४ पासून नागपूरचे खासदार आहेत आणि तेव्हापासूनच ते केंद्रात मंत्री आहेत. त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्या खासदारांच्या यादीत त्यांचं नाव सापडणार नाही. खासदारांची हजेरी आणि प्रश्न मोजणाऱ्या तक्त्यांतही मंत्र्यांचा हिशेब धरत नाहीत. दक्षिण-पश्चिम नागपूरचे आमदार देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आहेत, तिथेही हेच लागू होतं. 'आमच्या नेत्याने शून्य प्रश्न विचारले' असा संदेश कुणी पाठवला तर पुढे ढकलण्याआधी हे लक्षात घ्या.

पण याचा दुसरा अर्थही आपण समजून घेतला पाहिजे. मंत्र्याला आपण मतदारसंघातून पत्र देऊ शकतो, फाइल पुढे सरकवून घेऊ शकतो. सभागृहात नोंद होईल असा प्रश्न मात्र दुसऱ्याच कुणाला तरी विचारावा लागतो. शहरातले बाकीचे आमदार, विधान परिषदेचे सदस्य, राज्यसभेतले विदर्भाचे खासदार, रामटेकचे खासदार, यांच्यापैकी कुणाकडेही नागपूरच्या घरांचा प्रश्न नेता येतो. आपण त्यांचे मतदार नाही, हा संकोच सोडा.

तारांकित, अतारांकित, लक्षवेधी यांत फरक काय?

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी पकड या उपप्रश्नांत असते. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर येतं. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. त्या २० पैकीही तासाभरात मोजकेच प्रत्यक्ष चर्चेला येतात. खासदाराच्या नावावर शेकडो प्रश्न दिसतात, त्यांतले बहुतेक अतारांकित असतात ते यामुळे. त्यात वाईट काही नाही. आपल्याला तर आकड्यांचं लेखी उत्तरच जास्त कामाचं असतं.

लक्षवेधी सूचना ही तातडीच्या आणि सार्वजनिक महत्त्वाच्या विषयासाठी असते. बस्तीवर कारवाई सुरू झाली, पावसात घरं वाहून गेली, अशा वेळी आमदाराने हाच मार्ग घ्यावा. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत मध्यरात्री पाणी शिरलं, तसा विषय लक्षवेधीतच शोभतो. लोकसभेत नियम ३७७ खाली मतदारसंघातला विषय वाचून दाखवता येतो. विधिमंडळातला औचित्याचा मुद्दा तर दोन मिनिटांत संपतो. त्याचा व्हिडिओ मात्र वर्षभर फिरतो.

उत्तराचा कागद वाचायचा कसा?

आमच्या लोकांना हे एकदा समजलं की ती वाचनाला बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. विधानसभेतला प्रश्न ठरलेल्या साच्यात असतो. पहिल्या भागात 'अमुक घडले, हे खरे आहे काय' असं विचारलेलं असतं. पुढे 'असल्यास, कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे' आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. उत्तरही त्याच क्रमाने येतं. 'हे खरे नाही' असं पहिलंच उत्तर आलं की बाकीच्या सगळ्यांपुढे 'प्रश्न उद्भवत नाही' छापलेलं असतं आणि विषय तिथेच मिटतो.

म्हणून पहिला भाग नाकारता येणार नाही असा लिहावा लागतो. 'नागपुरातील हजारो झोपडपट्टीवासी पट्ट्यापासून वंचित आहेत, हे खरे आहे काय' असं विचारलं तर 'हे खरे नाही' म्हणणं अगदी सोपं. त्याऐवजी 'अमुक बस्तीचे मोजणी नकाशे अमुक तारखेला तयार झाले आहेत, हे खरे आहे काय' असं विचारलं तर 'होय' म्हणावंच लागतं. मग पुढचे भाग जिवंत राहतात.

उत्तरात 'हे अंशतः खरे आहे' असं आलं तर आनंद माना. कुठला अंश खरा आणि कुठला खोटा, हे पुढे सांगावं लागतं. 'कार्यवाही सुरू आहे' या शब्दांपाशी थांबा आणि जवळ तारीख आहे का ते बघा. तारीख नसेल तर पुढच्या अधिवेशनात तीच विचारायची.

मंत्र्यांनी सभागृहात 'देऊ' म्हटलं तर ते बंधनकारक असतं का?

न्यायालयाच्या आदेशासारखं नाही, पण वाऱ्यावरही जात नाही. सभागृहात मंत्र्याने 'करू', 'तपासून निर्णय घेऊ' असं म्हटलं की ते आश्वासन ठरतं. विधिमंडळात आणि संसदेतही त्यासाठी आश्वासन समिती असते. लोकसभेत आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते, नाही झाली तर खात्याला मुदतवाढ मागावी लागते. आपण इथेच ढिले पडतो. भाषण झालं, बातमी आली, हार घातले आणि विसरलो. मला विचाराल तर भाऊंच्या कार्यालयात सहा महिन्यांनी जाऊन "त्या आश्वासनाचं काय झालं?" एवढं विचारणं दहा निवेदनांपेक्षा मोलाचं आहे.

बेघर माणसांसाठी सभागृहात कुणी बोलतं का? त्यांना तर मतही नसतं.

मत असू शकतं. घराचा पत्ता नसलेल्या माणसाचंही नाव मतदारयादीत येतं. तो जिथे झोपतो तिथे मतदान केंद्राचा अधिकारी रात्री जाऊन खात्री करतो, राहत्या जागेचा कागद लागत नाही. हे फार थोड्यांना माहीत आहे आणि त्याहून थोड्यांनी करून घेतलं आहे. म्हणूनच त्यांच्याबद्दल बोलणारे कमी.

बोलायला आधार भरपूर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सांगितलं की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, आणि तो वर्षभर चोवीस तास उघडा हवा. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी निधीची सोयही झाली. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर होती. म्हणजे त्या वेळच्या हिशेबानेच २४ निवारे हवे होते. आपल्याकडे त्याच्या निम्मेही नाहीत.

'वर्षभर' हा शब्द नागपूरसाठी किती खरा आहे बघा. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ वर चढला होता. रस्त्यावर झोपणारा माणूस या दोन्ही टोकांना उघड्यावरच असतो. थंडीत ब्लँकेट वाटणारे पुष्कळ येतात, त्यांचं भलं होवो. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता निवाऱ्याचं दार उघडं आहे का, हे बघायला कुणी जात नाही. मी एका दुपारी गेले होते. दाराला कुलूप होतं आणि एक म्हातारा पायरीवर, भिंतीच्या वीतभर सावलीत पाय आखडून बसला होता. "साडेसहाला उघडते," तो म्हणाला. आमदाराने विचारायचा प्रश्न हाच आहे की निवारे दुपारी उघडे असतात काय.

२०११ च्या जनगणनेत देशात बेघरांची संख्या १७ लाख ७० हजारांच्या आसपास आली होती. ती मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत केली होती. एका रात्रीत पुलाखाली, फलाटावर, दुकानाच्या पायरीवर कितीजण सापडणार! पुढच्या जनगणनेत ही मोजणी नीट व्हावी, हा प्रश्न खासदारांनी आत्ताच लावून धरायला हवा.

हे सगळं विदर्भाच्या प्रश्नाशी कसं जोडलेलं आहे?

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचं आणि वर्षातून एक अधिवेशन इथे घेण्याचं वचन दिलं गेलं. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती मागे पडली. लोकनायक बापूजी अणे आणि जांबुवंतराव धोटे यांना नागपूरने लोकसभेत पाठवलं ते मुख्यतः हा आवाज ऐकू जावा म्हणून. १९६० पासून हिवाळी अधिवेशन इथे भरू लागलं. २०२० आणि २०२१ मध्ये ते इथे झालंच नाही.

घटनेच्या कलम ३७१(२) खाली विदर्भ वैधानिक विकास मंडळ १९९४ मध्ये आलं. निधीचं समन्यायी वाटप होतं की नाही यावर नजर ठेवणं हे त्याचं काम. ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला. अनुशेषाची चर्चा आपल्याकडे सिंचन, रस्ते, वीज यांवर भरपूर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. शहरातल्या घरांची तूट मात्र त्या चर्चेत मागेच राहिली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' लिहिलंय. पट्टा मिळेल?

हा खास आपल्या पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांचा गुंता. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. जुन्या नोंदींत खुरटी झुडपं असलेल्या जमिनीला झुडपी जंगल म्हटलं गेलं. पुढे तिथे शाळा, दवाखाने, घरं उभी राहिली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच असल्याचं सांगितलं, पण १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपाला नियमित होण्याची वाट करून दिली. त्यानंतरच्या प्रकरणांची छाननी अधिक कडक आहे. त्यामुळे १९९६ च्या आधीचा कुठलाही कागद, अगदी मुलाचा शाळेतला दाखलाही, जपून ठेवा. राज्याने केंद्राकडे किती प्रस्ताव पाठवले, हे विधानसभेत विचारता येतं. केंद्राने किती मंजूर केले, हे लोकसभेत. एकाच आठवड्यात दोन्हीकडे विचारलं तर आकडे ताडून बघता येतात.

आमचा प्लॉट ले-आउटमधला आहे, रजिस्ट्री आहे, तरी आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) नाही. हाही घराचाच प्रश्न ना?

अगदी. नागपुरातल्या अनधिकृत ले-आउटच्या '५७२' आणि '१९००' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या याद्यांमधली माणसं वर्षानुवर्षं डिमांड (भरायच्या रकमेची मागणी) आणि आरएल या दोन शब्दांभोवती फिरत आली आहेत. गुंठेवारीचा, म्हणजे तुकडे पाडून विकलेल्या अशा प्लॉटना नियमित करण्याचा कायदा २००१ चा. त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतचीच बांधकामं बसत होती. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ती तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. ही दुरुस्ती विधिमंडळातच झाली, मोर्चात नाही. आमदार कायदा करणारा माणूस आहे, हे या एका तारखेवरून कळतं.

आमदार निधीतून घर बांधून मिळेल का?

नाही. आमदार किंवा खासदार निधी सार्वजनिक कामासाठी असतो, एकाच्या घरासाठी नाही. समाज भवन, रस्ता, शौचालय होऊ शकतं.

पाडण्याची नोटीस आली तर लगेच भाऊंना फोन करायचा?

करा, पण आधी नोटिशीवरची तारीख बघा. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १५ दिवसांची आगाऊ नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी आवश्यक केली आहे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग किंवा नदी-तलावात असलेल्या बांधकामांना मात्र हे संरक्षण नाही. त्या १५ दिवसांत वकील आणि लेखी उत्तर ही पहिली कामं. अधिवेशन चालू असेल तर लक्षवेधी, नसेल तर आमदाराचं आयुक्तांना पत्र.

भाऊंना प्रश्न लिहून कसा द्यायचा?

एका पानात, अधिवेशनाच्या किमान महिनाभर आधी, कारण प्रश्न आधीच स्वीकारले जातात. मोर्चाच्या दिवशी, मोर्चे थांबतात त्या टेकडी रोडवर दिलेलं निवेदन त्या अधिवेशनाच्या प्रश्नोत्तरात येऊ शकत नाही. सोबत आखीव पत्रिकेची झेरॉक्स जोडा.

आजींच्या गल्लीसाठी आम्ही लिहिलेला मजकूर असा होता: '(१) सदर वस्तीतील घरांकडून १९८६ पासून मालमत्ता कर आकारण्यात येत आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर जमिनीची मालकी कोणत्या विभागाकडे आहे, (३) तेथील रहिवाशांना पट्टे देण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' पहिल्या भागासोबत त्या उडालेल्या शाईच्या पावतीची प्रत जोडली. लॅमिनेशनवर उजेड चमकायचा, म्हणून झेरॉक्सवाल्या पोराने ती तीनदा काढली. त्यातली एक प्रत भाऊंच्या कार्यालयाच्या पोचेसह आजींच्या देवाच्या फोटोमागे आहे, मूळ पावतीच्या शेजारी.